रद्दीच्या भावाने जाणारे विसावे शतक

थोर पुरुषांचे पुतळे उभारण्यात महाराष्ट्र कोणत्याही प्रांताच्या मागे नाही. त्यांची कागदपत्रे सांभाळण्याच्या बाबतीत मात्र असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पुतळा समाजाला जे आधीच मान्य असते तेवढेच सांगतो. कागद कित्येकदा समाजाला नको असलेलेही सांगतो. ज्या समाजाला आपला इतिहास जाणून घेण्यापेक्षा मिरविण्यात अधिक गोडी वाटते, त्याने पुतळ्याची निवड करावी यात नवल नाही. परंतु या निवडीची किंमत कोणती व ती कोण मोजतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे.

राजकीय पुढाऱ्यांच्या व उद्योगपतींच्या खासगी कागदपत्रांवर मालकी कोणाची, हा प्रश्न अलीकडे दिल्लीत एका वादाच्या निमित्ताने पुढे आला. तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयातून २००८ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या कागदपत्रांची ५१ खोकी कुटुंबीयांच्या वतीने परत नेण्यात आली होती. २०२३ मध्ये या संस्थेचे नाव बदलून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे झाले, आणि २०२४ व २०२५ या वर्षांत ही खोकी परत मागण्यावरून बरेच राजकारण रंगले. त्या वादात कोणता पक्ष बरोबर हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मूळ प्रश्न याहून मोठा आहे. देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे कागद कुटुंबाचे की राष्ट्राचे, याचे स्पष्ट उत्तर जर स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनीही मिळत नसेल, तर एखाद्या प्रांतिक मंत्र्याच्या, गिरणीमालकाच्या किंवा सहकारी कारखान्याच्या संस्थापकाच्या दप्तराचे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी!

सरकारी दप्तर पुरेसे का नाही?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शासनाची दप्तरखाने आहेत, त्यांत लक्षावधी कागद आहेत. मग खासगी पत्रांची उठाठेव कशासाठी? आक्षेप वरवर रास्त वाटतो. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या वास्तूत असलेले राज्य पुराभिलेखागार हा पश्चिम भारताच्या इतिहासाचा मोठा ठेवा आहे, यात शंका नाही. परंतु सरकारी फाईल ही सरकारच्या डोळ्यांनी पाहते, हे विसरता कामा नये. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्य चळवळीची साधने खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यांतील बराचसा भाग ब्रिटिश अमदानीतील पोलिसांच्या व गृहखात्याच्या दप्तरातून आलेला आहे. पुढारी सभेत काय बोलला हे गुप्त पोलिसाने टिपून ठेवले. सभेला जाण्यापूर्वी त्याने सहकाऱ्यांशी काय वाद घातला, पैसा कोणाकडून आणला, कोणत्या शंकेने त्याला रात्रभर झोप लागली नाही, हे त्या टिपणात कोठून येणार? ते त्याच्या स्वतःच्या पत्रांतच सापडावयाचे.

एक उदाहरण अर्थकारणातले घेऊ. १९२५ मध्ये नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये अहवाल देऊन रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरवावा अशी शिफारस केली. मुंबईचे कापूस व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्स हाच दर योग्य असल्याचे प्रतिपादन केले. दोन पेन्सांचा हा झगडा आजच्या विद्यार्थ्याला पोरखेळ वाटेल. परंतु साधे गणित करून पाहावे. एका पौंडाचे २४० पेन्स. १६ पेन्सांचा रुपया धरला तर परदेशी विकलेल्या एका पौंडाच्या कापसाचे १५ रुपये हाती येत. १८ पेन्सांचा धरला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे लिव्हरपूलचा भाव तोच राहिला तरी वऱ्हाड-खानदेशच्या मालाला दर १५ रुपयांमागे पावणेदोन रुपयांच्या आसपास फटका! शेतसारा व सावकाराचे व्याज मात्र रुपयांतच ठरलेले असल्याने त्यात पैचीही सूट नव्हती. उलट बाहेरून येणारे कापड तेवढ्याच प्रमाणात स्वस्त होऊन येथील गिरण्यांना स्पर्धा जड जाणार होती. १९२७ मध्ये कायदेमंडळात अगदी थोड्या मतांच्या फरकाने सरकारी दर मंजूर झाला.

सरकारी दप्तरात आयोगाचा अहवाल आहे, भिन्नमतपत्रिका आहे, मतमोजणी आहे. परंतु कापसाचा व्यापारी शेतकऱ्याच्या बाजूने बोलत होता तेव्हा त्यात शेतकऱ्याचे हित किती व व्यापाराचे किती? गिरणीमालक, सराफ व निर्यातदार यांची मते कशी विभागली होती? काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी कोणते बोलणे झाले? या प्रश्नांची उत्तरे अहवालात नाहीत. ती शोधण्याची जागा म्हणजे पुरुषोत्तमदासांचा पत्रव्यवहार.

पत्रांनी बदललेली मते

असल्या कागदांमुळे इतिहासाची रूढ समजूत कशी पालटते, याची दोन ठळक उदाहरणे आहेत, आणि दोन्ही मुंबईची आहेत.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला. त्यानंतर मे महिन्यात मुंबईच्या २१ उद्योगपती-व्यापाऱ्यांनी त्यांच्या विचारांचा निषेध करणारे पत्रक काढले. पुरुषोत्तमदास व वालचंद हिराचंद यांच्या त्यावर सह्या होत्या. नुसते पत्रक वाचणारा सहज म्हणेल की, भांडवलदार वर्ग एकमुखाने नेहरूंच्या विरुद्ध उभा राहिला. परंतु त्याच महिन्यात घनश्यामदास बिर्ला यांनी वालचंदांना पत्र लिहून या पत्रकाबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. नेहरूंवर उघड हल्ला चढविण्यापेक्षा काँग्रेसमधील मवाळ नेत्यांचे हात बळकट करावेत, असा बिर्लांचा व्यवहारी हिशेब होता. हे पत्र पुरुषोत्तमदासांच्या संग्रहात राहिले. बिपन चंद्र यांनी १९७५ मध्ये या पत्रव्यवहाराच्या आधारे त्या वर्षाचे जे विवेचन केले, त्याने भांडवलदार वर्गाच्या राजकारणाचे चित्रच बदलून गेले. उद्दिष्ट समान, पण डावपेचांत तीव्र मतभेद, असे त्याचे स्वरूप दिसू लागले. एक जपलेला कागद केवढे काम करू शकतो!

दुसरे उदाहरण मुंबई योजनेचे. जानेवारी १९४४ मध्ये पुरुषोत्तमदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, सर अर्देशिर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ व जॉन मथाई या आठ जणांनी १५ वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याची १०,००० कोटी रुपयांची योजना देशापुढे ठेवली. त्यापैकी ४,४८० कोटी उद्योगांसाठी, १,२४० कोटी शेतीसाठी, ४९० कोटी शिक्षणासाठी व ४५० कोटी आरोग्यासाठी होते. आणि ३,४०० कोटी रुपये नवे चलन निर्माण करून उभारावयाचे होते. भांडवलदारांनीच सरकारी नियोजनाची मागणी केली, म्हणजे पुढच्या परवाना-राज्याचे पितृत्व त्यांच्याकडेच जाते, असे बरीच वर्षे सांगितले गेले. परंतु विवेक छिब्बर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्या काळातील उद्योगपतींच्या हालचालींचा मागोवा घेऊन निराळेच मत मांडले. उद्योगपतींना सरकारचे संरक्षण व अर्थसाहाय्य हवे होते. त्याच्या मोबदल्यात उद्योगाला शिस्त लावणारे नियंत्रण मात्र नको होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत सर्वांना पटेलच असे नाही. त्यावर विद्वानांत वाद आहे व तो चालू राहील. पण सरकारने उद्योगांना काय द्यावे व बदल्यात काय मागावे, हा प्रश्न आज सवलती व प्रोत्साहन-योजनांच्या काळातही तितकाच जिवंत आहे. त्याचे शहाणपणाने उत्तर देण्यासाठी ८० वर्षांपूर्वीची बंद दारामागची बोलणी ठाऊक असणे उपयोगाचेच आहे.

मुंबईचे कागद दिल्लीत

पुरुषोत्तमदास व वालचंद या दोघांचेही कागद आज दिल्लीत तीन मूर्ती भवनात आहेत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभी करून ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झुंज घेतली. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला विमानाचा कारखाना काढला. १९४१ मध्ये विशाखापट्टणच्या गोदीची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसविली. वालचंदनगरला साखर कारखान्याभोवती गाव वसविले. त्यांचे चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिले. पण मूळ पत्रे वाचावयाची तर सोलापूरच्या प्राध्यापकाने दिल्ली गाठली पाहिजे. मु. रा. जयकरांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांचे कागदही तीन मूर्तीलाच गेले.

यात दिल्लीला दोष देण्याचे कारण नाही. बी. आर. नंदा यांच्यासारख्या संचालकांच्या काळात त्या संस्थेने घराघरांतून हे कागद मिळविले म्हणून ते वाचले, अन्यथा किती उरले असते, कोण जाणे. दोष असलाच तर तो ज्यांच्या अंगणात हे धन होते व ज्यांना ते उचलावेसे वाटले नाही त्यांचा आहे. महाराष्ट्रात काहीच झाले नाही असेही नव्हे. रिझर्व्ह बँकेने १९८१ मध्ये पुण्यात आपला अभिलेखसंग्रह स्थापन केला. टाटा उद्योगसमूहाचा संग्रह पुण्यात आहे, गोदरेजचा विक्रोळीला. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे खंड राज्य शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या हयातीत प्रकाशात न आलेले लेखनही त्यामुळे सामान्य वाचकाच्या हाती आले. हे खंड ज्यांनी खेड्यापाड्यांत हातोहात नेले, त्यांनी जुने कागद फक्त संशोधकांसाठी असतात हा भ्रम कायमचा दूर केला आहे. मात्र हे सारे प्रयत्न एकेका व्यक्तीच्या वा संस्थेच्या तळमळीतून झाले. त्यामागे राज्याचे म्हणून काही धोरण आहे असे दिसत नाही.

येथे महाराष्ट्राच्या स्वभावातील एक विसंगती ध्यानात येते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. सतराव्या-अठराव्या शतकातील मोडीचा एखादा चिटोरा सापडला तर आजही त्याची बातमी होते, क्वचित त्यावरून डोकीही फुटतात. पण विसाव्या शतकातील टंकलिखित कागदाला मात्र कोणी वाली नाही. मोडी कागद म्हणजे इतिहास आणि इंग्रजी टंकलेखन म्हणजे रद्दी, असा आपला समज झालेला दिसतो. आणखी १०० वर्षांनी हीच रद्दी कोणी सोन्याच्या मोलाने शोधू लागेल, हे उघड असूनही त्याची आज कोणाला खंत नाही.

कायद्याची स्मरणशक्ती

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागद नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो. १८९२ पूर्वीचा सरकारी कागद तर नष्ट करण्यास त्याने मनाईच केली आहे. परंतु तो केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश व त्यांच्या संस्थांच्या अभिलेखांपुरता आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांपूर्वीचा ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज देशाबाहेर नेता येत नाही. पण तोच कागद देशातल्या देशात रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यास या कायद्याची आडकाठी होत नाही! कंपन्यांची गोष्ट अधिकच बोलकी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपली म्हणजे कर्तव्य संपले. कंपनी गुंडाळली तर विसर्जनानंतर पाच वर्षांनी तिच्या कागदांची जबाबदारी कोणावरच उरत नाही. कायद्याची स्मरणशक्ती एवढीच. कर वसूल करण्यापुरती ती पुरेशी असेल. समाजाला आपली ओळख पटविण्यासाठी ती अगदी तोकडी आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि १९९१ व २००१ च्या विकास नियमावलीतील तरतुदींवरून त्यांच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जमिनीच्या चौरस फुटाचा भाव साऱ्या मुंबईला पाठ झाला. पण बदली कामगारांची हजेरीपुस्तके, संचालक मंडळाची इतिवृत्ते, जॉबरांच्या नोंदी, मजुरीचे तक्ते यांचे काय होणार, हा प्रश्न त्या गदारोळात कितीजणांनी विचारला? संपाने गिरण्या बुडविल्या की मालकांनी त्या आधीच सोडून दिल्या होत्या, यावर चहाच्या टेबलावर अजूनही वाद होतात. त्याचा निवाडा भाषणांनी होणार नाही. घसारा, नफावाटप व यंत्रांवरील खर्च दाखविणाऱ्या वह्यांनी होईल. अशी प्रत्येक वही नाहीशी होते तेव्हा मालक व कामगार दोघांचाही साक्षीदार नाहीसा होतो.

हीच गोष्ट सहकाराची. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी साखर कारखाना उभा राहिला आणि ग्रामीण महाराष्ट्राचे राजकारण-अर्थकारण पालटले. तेव्हापासून निघालेल्या कारखान्यांपैकी कित्येक पुढे आजारी पडले, बंद झाले, विकले गेले. पहिल्या सभासदांच्या भागनोंदी, उसाच्या भावाचे ठराव, कर्जहमीचा पत्रव्यवहार हे सारे आज अवसायकाच्या गोदामात किंवा कुठल्यातरी माळ्यावर पडून असेल तर ते नशीबच म्हणावयाचे. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून उभी राहिलेली ही संपत्ती कोणी, केव्हा व कशी खाल्ली, किंवा खरोखर परिस्थितीनेच ती बुडविली, हे ठरविण्याचा दुसरा मार्ग नाही.

भीती आणि उपाय

कुटुंबीय कागद देण्यास कचरतात याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. जुन्या पत्रात कोणाची निंदा असते, कोठे घरगुती कलह असतो, कोठे देणगीचा आकडा असतो. आपल्याकडे भावना दुखावण्यास फार वेळ लागत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जानेवारी २००४ मध्ये झालेला हल्ला कोणी विसरलेले नाही. अशा वातावरणात आजोबांची पेटी बंद ठेवणेच शहाणपणाचे असे नातवाला वाटले तर त्याला एकदम दोष देता येत नाही. परंतु भीतीवरचा उपाय कागद जाळणे हा नव्हे. तो काही काळ मिटून ठेवणे हा आहे. २५ किंवा ३० वर्षे अमुक पत्रे कोणास दाखवू नयेत, अशा अटीवर कागद स्वीकारण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तो अवधी संपला म्हणजे मात्र ते सर्वांना सारखेच खुले झाले पाहिजेत. मर्जीतल्या चरित्रकाराला दार उघडे आणि इतरांना बंद, हा प्रकार चालू देता कामा नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांनी कागद ठेवले ते बहुतेक मोठे लोक होते आणि ठेवताना त्यांनी निवडही केली असणार. शेटजींचा पत्रव्यवहार उरतो. त्यांच्या मुनीमाचा, हमालाचा, खानावळ चालविणाऱ्या बाईचा उरत नाही. केवळ थोरांच्या संग्रहावर इतिहास उभारला तर तो थोरांचाच होईल. म्हणून कामगार संघटना, पतपेढ्या, शिक्षणसंस्था, महिला मंडळे यांची दप्तरेही त्याच आस्थेने जमविली पाहिजेत.

करावयाचे काय ते फारसे अवघड नाही. राज्याने खासगी कागदपत्रांसाठी एक स्वायत्त मंडळ नेमावे, ज्यावर सत्ताधारी पक्षाचा नव्हे तर विद्यापीठे व अभिलेखतज्ज्ञ यांचा शब्द चालेल. कोणतीही कंपनी वा सहकारी संस्था अवसायनात गेली म्हणजे मालमत्ता विकण्यापूर्वी तिचे दप्तर या मंडळाला दाखविणे अवसायकावर बंधनकारक करावे. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यांतील संग्रहांची मराठी सूची तयार करावी. कागद कोठेही असोत, निदान ते आहेत एवढे तरी कळावे. दिल्लीत गेलेल्या संग्रहांच्या प्रती मुंबई, पुणे, नागपूर येथे ठेवण्याची व्यवस्था करावी. छायांकनाच्या आजच्या साधनांनी ते सहज शक्य आहे. शिवाय आजचे मंत्री व उद्योगपती पत्रेच लिहीत नाहीत. त्यांचे निर्णय दूरध्वनीच्या पडद्यावरील चार शब्दांत होतात व बोटाच्या स्पर्शाने पुसले जातात. त्यासाठी निराळा नियम आताच केला नाही, तर एकविसाव्या शतकाची रद्दीसुद्धा मागे उरणार नाही.

या कामात शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी आपल्या तालुक्यातील एक बंद गिरणी, एक जुनी पेढी, एक विसरलेला पुढारी निवडला आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्याच्या कागदांची नुसती यादी केली, तरी पुष्कळ वाचेल. राजवाडे हिंडले तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणतेही मंडळ नव्हते. माळ्यावरची पेटी मात्र फार दिवस थांबणार नाही. वाळवी, पाऊस आणि घराचा पुनर्विकास ही तिन्ही तिच्या मागे लागलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी एकालाही शासननिर्णयाची गरज लागत नाही.